पाटी पुसायची कोणी?

माझ्या पिढीच्या शिक्षकांना पाटी दोन प्रकारची ठाऊक. एक दगडी पाटी, लाकडी चौकटीची. गणित सुटले की ओल्या फडक्याने पुसायची आणि पुढचे गणित घ्यायचे. दुसरी पाटी दारावरची, दुकानावरची, एस.टी.वरची. ही पुसायची नाही. ऊनपावसाने अक्षरे उडाली तर रंगाऱ्याला बोलावून पुन्हा रंगवून घ्यायची. मोटारीवरची नंबराची पाटी या दुसऱ्या जातीची. ती पुसट ठेवली तर पोलीस दंडच करतात! पण गेल्या पन्नास वर्षांत ही पाटी वाचणारी यंत्रे आली, आणि पहिल्या पाटीचा प्रश्न दुसरीलाही येऊन चिकटला. वाचून झाले, काम झाले, आता पुसायचे कोणी? आणि पुसायचेच नाही असे ठरले तर?

या यंत्रांना 'ऑटोमॅटिक नंबर प्लेट रेकग्निशन' म्हणतात, थोडक्यात एएनपीआर. त्यांचा जन्म इंग्लंडमधला आणि ती पोलिसांच्या हाती सर्वांत जास्त रुजली तीही तिथेच. म्हणून ही हकिकत मुख्यतः तिकडची आहे. पण ती आपण नीट वाचावी असे मला वाटते. का, ते शेवटी सांगतो.

आधी पाटीचाच इतिहास थोडक्यात पाहू. १४ ऑगस्ट १८९३ रोजी पॅरिसच्या पोलिसांनी एक हुकूम काढला. प्रत्येक मोटारीवर धातूची पट्टी असावी आणि तिच्यावर मालकाचे नाव, पत्ता व क्रमांक वाचता येईल असा लिहावा. इंग्लंडमध्ये १९०३ साली मोटार कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून तिथे नंबर सक्तीचा झाला. याच कायद्याने वेगमर्यादा ताशी १४ मैलांवरून २० मैल केली होती. म्हणजे सौदा सरळ होता. तुम्हाला जोरात जायची मुभा देतो, पण कोणाला धडक देऊन पळालात तर तुम्हाला शोधता आले पाहिजे! घोडागाडीवाला गावातला, ओळखीचा असे. मोटारवाला धूळ उडवून क्षणात दिसेनासा व्हायचा. त्या धुळीतून जबाबदार माणूस हाती लागावा, एवढाच त्या पाटीचा हेतू.

तेव्हापासून सत्तर वर्षे ही पाटी माणूसच वाचत होता. हवालदार नाक्यावर उभा. हातात चोरीच्या गाड्यांची यादी, ती पाठ असलीच तर दहा-वीस नंबर. समोरून तासाला शेकडो गाड्या जाणार. त्यातली एखादी चोरीची निघाली तर तो योगायोगच म्हणायचा.

ही मर्यादा यंत्राने ओलांडता येईल का, असा विचार १९७६ साली ब्रिटनच्या गृहखात्याच्या पोलीस वैज्ञानिक विकास शाखेत सुरू झाला. दोनतीन वर्षांत कामचलाऊ यंत्रे तयार झाली. ए-वन या महामार्गावर आणि टेम्स नदीखालच्या डार्टफर्ड बोगद्यात त्यांच्या चाचण्या झाल्या. १९८१ मध्ये अशा यंत्राने ओळखलेल्या चोरीच्या गाडीमुळे पहिली अटक झाली. त्या काळचा संगणक किती मंद असेल याची आज कल्पनाही करवत नाही. पण रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीची पाटी त्याने वाचली खरी.

हे वाचन होते कसे? कॅमेऱ्याबरोबर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा दिवा असतो. नंबरप्लेटचा पृष्ठभाग तो प्रकाश परत फेकतो. त्यामुळे रात्रीच्या अंधारातही चित्रात बाकीची गाडी काळोखी आणि पाटी तेवढी लखलखीत दिसते. यंत्र तो चौकोन हुडकते, तिरपा असेल तर सरळ करते, त्यातली अक्षरे एकेक सुटी करते आणि प्रत्येकाला त्याच्याजवळच्या नमुन्यांशी ताडून बघते. बालवाडीतले मूल अक्षर ओळखते तसेच हे काम, फक्त एका सेकंदाच्या आत. मग तो नंबर पोलिसांच्या यादीशी जुळवला जातो. चोरीची गाडी, विमा नसलेली गाडी, एखाद्या गुन्ह्यात हवी असलेली गाडी. जुळला तर घंटा वाजते.

गंमत अशी की, यंत्राला वाचता यावे म्हणून माणसांना आपले अक्षर सुधारावे लागले! ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००१ पासून नंबरप्लेटच्या अक्षरांचे वळण कायद्याने एकच ठरवून दिले. नेदरलँड्सने २००२ च्या सुमारास काही अक्षरांत मुद्दाम फटी पाडल्या, म्हणजे एक अक्षर दुसऱ्यासारखे भासू नये. जर्मनीने तर त्याच्याही आधी नव्या वळणाची अक्षरे काढली होती. त्यामागे वेगळे कारण होते. १९७० च्या दशकात तिथल्या 'रेड आर्मी फॅक्शन' या अतिरेकी गटाचे लोक चोरलेल्या गाडीला तशाच दुसऱ्या, रीतसर गाडीचा नंबर लावून फिरत. म्हणून काळ्या रंगाचा एक फराटा मारून एका अक्षराचे दुसरे करता येऊ नये, अशी अक्षरे घडवली गेली. आयुष्यभर मुलांना 'सुवाच्य लिहा' म्हणून सांगत आलेल्या माझ्यासारख्याला ही हकिकत भारी आवडली.

असो. १९८० चे दशक या यंत्राने असेच चाचण्यांत काढले. त्याला दिवस आले ते बॉम्बस्फोटांमुळे.

'सिटी ऑफ लंडन' म्हणजे लंडनमधला बँकांचा आणि विमा कंपन्यांचा जुना भाग, जेमतेम एक चौरस मैलाचा. १० एप्रिल १९९२ रोजी तिथे बाल्टिक एक्स्चेंजजवळ आयरिश रिपब्लिकन आर्मीने बॉम्ब उडवला. तिघे मेले. वर्षभराने, २४ एप्रिल १९९३ रोजी बिशप्सगेट रस्त्यावर चोरलेल्या ट्रकमध्ये भरलेली सुमारे टनभर स्फोटके उडाली. एक छायाचित्रकार ठार झाला, चाळीसहून अधिक जखमी झाले आणि नुकसानीचा आकडा काही कोटी पौंडांत गेला. त्यानंतर या भागात शिरण्याचे बहुतेक रस्ते बंद करून मोजकेच उघडे ठेवले आणि तिथे पहारे बसवले. लोक त्याला 'पोलादी कडे' म्हणू लागले. १९९७ पासून त्या कड्यावर नंबर वाचणारे कॅमेरे आले. आत येणारी प्रत्येक गाडी यंत्र वाचू लागले. बॉम्ब घेऊन येणारा ट्रक आत शिरण्याआधी कळला पाहिजे, याला कोण नाही म्हणणार?

पुढची पायरी २००२ ते २००४ च्या दरम्यानची. 'प्रोजेक्ट लेझर' या नावाने प्रयोग झाला. कॅमेरे नुसतेच न बसवता त्यांच्या पुढच्या वळणावर मोटारसायकली आणि गाड्या घेऊन पोलीस तयार ठेवायचे. घंटा वाजली की गाडी थांबवायची. दुसऱ्या टप्प्यात तेवीस पोलीसदले सामील होती. वर्षभरात सुमारे दोन कोटी ऐंशी लाख नंबर वाचले गेले, एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास गाड्या थांबवल्या आणि तेरा हजारांहून अधिक अटका झाल्या. या कामावरचा एकेक पोलीस इतरांच्या मानाने कितीतरी पट अधिक गुन्हेगार पकडू लागला. कारणही साधेच आहे. घरफोडी करणारा माणूस बहुधा विमा भरत नाही आणि गाडीची कागदपत्रेही धड ठेवत नाही. मोठ्या गुन्ह्याचा धागा अशा लहान गुन्ह्याला बांधलेला असतो. २००५ मध्ये पोलिसप्रमुखांच्या संघटनेने धोरण जाहीर केले, त्याचे घोषवाक्य होते, 'गुन्हेगारांना रस्ते वापरू द्यायचे नाहीत.'

त्याच वर्षी या यंत्राची सर्वांत मोठी परीक्षा झाली. १८ नोव्हेंबर २००५ रोजी दुपारी ब्रॅडफर्ड शहरात एका ट्रॅव्हल एजंटच्या कचेरीवर दरोडा पडला. शेरॉन बेशेनिव्स्की ही ३८ वर्षांची पोलीस शिपाई आणि तिची सहकारी तिथे पोचल्या. दोघींवर गोळ्या झाडल्या गेल्या. शेरॉन जागीच गेली. पोलिसात येऊन तिला जेमतेम नऊ महिने झाले होते, आणि तो दिवस तिच्या धाकट्या मुलीच्या चौथ्या वाढदिवसाचा होता. ब्रॅडफर्डमध्ये शहराचे कॅमेरे एएनपीआरला जोडलेले होते. पळालेल्या गाडीचा नंबर त्यांतून निघाला, ती कुठून कुठे गेली हे कळले आणि संशयित लवकर ताब्यात आले. या एका प्रकरणाने यंत्राविषयीच्या शंका पुष्कळांच्या मनातून गेल्या. मात्र हेही सांगितले पाहिजे की, या दरोड्याचा सूत्रधार पाकिस्तानात पळाला होता. तो २०२० मध्ये तिथे पकडला गेला, २०२३ मध्ये इंग्लंडला आणला गेला आणि २०२४ मध्ये दोषी ठरला. यंत्राने गाडी झटकन दाखवली. गाडीपासून माणसापर्यंतचा उरलेला रस्ता माणसांनाच चालावा लागला आणि त्याला अठरा वर्षांहून अधिक काळ गेला.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. यादी आहे, यंत्र यादीतला नंबर शोधते, सापडला तर पोलीस धावतात. १९०४ च्या त्या पाटीचाच हा पुढचा अवतार. पण मला वाटते, खरा बदल यंत्राने वाचायला सुरुवात केली तेव्हा झालाच नाही. तो झाला पुढे, एका कचेरीतल्या निर्णयाने, आणि त्याची घंटा कुठे वाजली नाही.

तो निर्णय असा. जे नंबर यादीशी जुळत नाहीत त्यांचे काय करायचे? वर दिलेले आकडेच घ्या. दोन कोटी ऐंशी लाख वाचनांत तेरा हजार अटका, म्हणजे दोन हजार वाचनांमागे एक अटक. त्या एकासाठी बाकीच्या एक हजार नऊशे नव्व्याण्णव वाचनांचे काय? पाटी पुसायची की ठेवायची? ब्रिटनने ठरवले, ठेवायची. २००६ च्या सुमारास लंडनमधल्या हेंडन इथे राष्ट्रीय माहिती केंद्र सुरू झाले. देशभरच्या कॅमेऱ्यांनी वाचलेला प्रत्येक नंबर, त्याची जागा, तारीख आणि वेळ तिथे जमा होऊ लागली. जुळलेले आणि न जुळलेले, सगळेच. आधी दोन वर्षांपर्यंत या नोंदी ठेवत, टीका झाल्यावर ती मुदत बारा महिन्यांवर आली. त्या दशकाच्या अखेरीस, २०१८-१९ च्या सुमारास, अशा रोज जवळपास पाच कोटी नोंदी होत होत्या! आणि हे सगळे जाळे उभे राहिले ते संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केल्याशिवाय, पोलिसांच्या सर्वसाधारण अधिकारांवर.

मी अनेक वर्षे हजेरीपट लिहिला. हजेरीपटात वर्गात कोण आले आणि कोण आले नाही एवढेच असते. एखादा मुलगा गैरहजर असेल तर त्याच्या घरी निरोप पाठवायचा मला अधिकार होता, नव्हे ते माझे कामच होते. पण शाळा सुटल्यावर सगळ्या वर्गातली मुले कोणत्या गल्लीतून, कोणाबरोबर, किती वाजता घरी गेली हे रोज लिहून ठेवायचा अधिकार मला कोणी दिला नव्हता. मी तसे लिहीत बसलो असतो तर पालकांनी मला विचारले असते, "गुरुजी, हे कशासाठी?" आणि 'पुढेमागे एखाद्याने काही केले तर उपयोगी पडेल' हे माझे उत्तर त्यांना पटले नसते.

शोधणे निराळे आणि साठवणे निराळे. शोधताना संशय एकावर असतो. साठवताना तो सगळ्यांवर थोडा थोडा वाटलेला असतो.

हा फरक पुस्तकी नाही. साठवणीचे पुढे काय काय होते, ते ब्रिटनमध्येच दिसले. लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ पासून गर्दीचा कर सुरू झाला. मध्यवस्तीत गाडी आणायची तर दिवसाला पाच पौंड भरायचे. कर भरला की नाही हे बघायला नंबर वाचणारे कॅमेरे बसवले. लोकांनी ते कराचे कॅमेरे म्हणून स्वीकारले. जुलै २००७ मध्ये सरकारने जाहीर केले की, राष्ट्रीय सुरक्षेसाठी लंडन पोलिसांना त्या कॅमेऱ्यांची माहिती वाहत्या स्वरूपात थेट मिळेल. म्हणजे कॅमेरा तोच, खांब तोच. काम मात्र बदलले. वाटाणे निवडायला आणलेली चाळण उद्या दुसऱ्याच कशाला वापरली जाते, तशातली गत.

बर्मिंगहॅमची गोष्ट याहून बोचरी. २०१० मध्ये तिथल्या स्पार्कब्रुक आणि वॉशवुड हीथ या दोन वस्त्यांभोवती दोनशेहून अधिक कॅमेरे बसवले गेले. त्यांतले ७२ लपवलेले होते. या वस्त्यांत बहुसंख्य लोक मुसलमान. गाडीने आत येणारा किंवा बाहेर जाणारा कोणीही नोंदीतून सुटू नये, अशी आखणी होती. रहिवाशांना सांगितले, हे चोऱ्यामाऱ्या आणि गुंडगिरी रोखण्यासाठी आहे. पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतून आला होता! ते उघडकीस आल्यावर लोक संतापले. कॅमेऱ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. दुसऱ्या दलाच्या पोलीसप्रमुख सारा थॉर्नटन यांनी चौकशी करून सप्टेंबर २०१० मध्ये अहवाल दिला आणि त्यात कडक ताशेरे मारले. स्थानिक पोलीसप्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि २०११ मध्ये ते कॅमेरे उतरवले. यातले नुकसान पैशांचे कमी. ज्या वस्तीतून पोलिसांना खबर मिळायची, त्याच वस्तीचा विश्वास गेला. पोलिसाला कॅमेऱ्यापेक्षा शेजारीपाजारी जास्त सांगतात, हे कुठल्याही जुन्या जमादाराला विचारा.

हर्टफर्डशायरमधले रॉयस्टन हे पंधरा हजार वस्तीचे छोटेसे गाव. तिथे सात कॅमेरे असे लावले होते की, नोंद झाल्याशिवाय गावात गाडी आणता येत नसे की बाहेर नेता येत नसे. जुलै २०१३ मध्ये माहिती आयुक्तांनी हे बेकायदा आणि प्रमाणाबाहेर ठरवले. सात कॅमेऱ्यांची गरज काय, याचे पटेल असे उत्तर पोलिसांकडे नव्हते.

आता जॉन कॅट यांची हकिकत ऐका. ब्रायटनचे हे गृहस्थ युद्धविरोधी निदर्शनांना जात, तिथे बसून चित्रे काढत. कुठलाही गुन्हा त्यांच्या नावावर नव्हता. २००५ मध्ये वयाच्या ऐंशीच्या घरात असताना ते मुलीबरोबर गाडीतून लंडनला चालले होते. निदर्शनाजवळ त्यांची गाडी दिसली होती म्हणून तिच्या नंबरावर खूण झालेली होती. लंडनच्या त्या पोलादी कड्याशी यंत्राने घंटा वाजवली आणि दहशतवादविरोधी कायद्याखाली त्यांना थांबवले. पुढे पोलिसांनी 'अंतर्गत अतिरेकी' या सदराखाली त्यांची माहिती साठवल्याबद्दल त्यांनी दाद मागितली. जानेवारी २०१९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा ते नव्वदी ओलांडून पुढे गेले होते.

'ज्याने काही केलेले नाही त्याला भीती कसली?' हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर नेहमी येतो. मी त्याला जॉन कॅट यांचे नाव सांगतो. त्यांनीही काही केलेले नव्हते. पण कोणती गोष्ट 'काही केले' मध्ये मोडते हे आपण ठरवत नाही, यादी करणारा ठरवतो. आणि यादी करणारा बदलत असतो.

दुसरीही एक गोष्ट आहे. साठवलेले सांडते. एप्रिल २०२० मध्ये शेफील्ड शहराच्या एएनपीआर यंत्रणेतल्या सुमारे ८६ लाख नोंदी पासवर्डशिवाय इंटरनेटवर कोणालाही दिसतील अशा उघड्या असल्याचे आढळले. कोणाची गाडी कुठे, कधी गेली याचा तो सगळा पाढा होता.

मग साठवावेच नाही का? इथे मला दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती भक्कम आहे. २००६ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या इप्सविच इथे काही आठवड्यांत पाच स्त्रियांचे खून झाले. खुनी कोण हे कोणाला माहीत नव्हते, मग त्याचा नंबर यादीत असणार कसा? माणूस पकडल्यावर कॅमेऱ्यांच्या जुन्या नोंदींतून त्याची गाडी त्या रात्री कुठे फिरत होती हे दाखवता आले. मुख्य पुरावा डीएनएचा होता. पण त्याला या नोंदींचा आधार मिळाला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तो दोषी ठरला. सगळ्या पाट्या त्याच क्षणी पुसल्या असत्या तर हा आधार मिळाला नसता. ज्या घरची मुलगी गेली त्या आईबापांना 'तुमच्या खासगीपणासाठी आम्ही नोंद पुसली' असे सांगायची माझी तरी छाती होणार नाही.

म्हणूनच जर्मनीचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. तिथल्या घटना न्यायालयाने १९८३ सालीच, जनगणनेच्या खटल्यात, स्वतःच्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे असे म्हटले होते. ११ मार्च २००८ रोजी त्याच न्यायालयाने हेसेन आणि श्लेस्विग-होल्स्टाइन या दोन राज्यांचे नंबर वाचण्याविषयीचे कायदे रद्द केले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते. यंत्राने वाचा, यादीशी ताडा. जुळला नाही तर त्याच क्षणी, मागमूस न ठेवता पुसा. आणि कशासाठी वाचायचे, हे कायद्यात स्पष्ट लिहा. डिसेंबर २०१८ मध्ये ते आणखी पुढे गेले. नंबर जुळला नाही आणि लगेच पुसला, तरी तुम्ही त्या माणसाला तपासलेच, म्हणून त्यालाही सबळ कारण हवे, असे त्यांनी सांगितले. गेस्टापो आणि स्टासी या दोन्ही पोलिसांचा अनुभव घेतलेला तो देश. कागदावरच्या नोंदीनेच घरे कशी उद्ध्वस्त होतात हे त्यांना शिकवावे लागत नाही.

दोन्ही देश लोकशाहीवादी, दोन्हीकडे यंत्र एकच. एकाने फडके बाजूला ठेवले, दुसऱ्याने ते कायद्याने हातात दिले. म्हणजे पाटी पुसायची की नाही हे यंत्र ठरवत नाही. ते माणसे ठरवतात, आणि माणसांनी विचारले नाही तर कचेऱ्या ठरवतात.

यंत्राच्या चुकांबद्दल फार लिहीत नाही, पण एक घटना सांगायलाच हवी, कारण तिच्यात दोष यंत्राकडून माणसाकडे कसा सरकतो ते दिसते. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या ऑरोरा शहरात पोलिसांनी एक गाडी थांबवली. आत एक बाई आणि चार लहानमोठ्या मुली होत्या, सर्वांत धाकटी सहा वर्षांची. बंदुका रोखून त्यांना रस्त्यावर पालथे पाडले. यंत्राने चोरीचा म्हणून जो नंबर जुळवला होता, तो दुसऱ्याच राज्यातल्या एका मोटारसायकलचा होता! समोर चारचाकी उभी आहे हे बघायला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती. पण यंत्राने सांगितले म्हटल्यावर माणूस डोळ्यांचे काम थांबवतो. २०२४ मध्ये शहराने त्या कुटुंबाला १९ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

आता आपल्याकडे. १ जुलै १९८९ पासून आपल्या गाड्यांवर 'एमएच' आले आणि 'एमएच बारा' म्हटले की पुणे, 'एमएच नऊ' म्हटले की कोल्हापूर हे पोरासोरांना पाठ झाले. आकड्यांना असा बाक द्यायचा की त्यात 'दादा' किंवा 'बॉस' वाचता यावे, ही कलाही आपल्याकडे चांगली बहरली. त्या कलेचे दिवस आता भरत आले आहेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एकाच वळणाची, छेडछाड करता न येणारी पाटी सक्तीची झाली. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती लावण्यासाठी २०२५ सालात मुदतीमागून मुदती दिल्या गेल्या. सगळी चर्चा झाली ती दराची, रांगांची आणि मुदतवाढीची. पण ब्रिटनमध्ये २००१ साली अक्षराला वळण लावले गेले आणि त्यानंतर काय झाले ते आपण वर पाहिले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे नंबर वाचून दंडाच्या पावत्या पाठवू लागले. त्या रस्त्यावर बेफाम गाड्यांनी किती घरांचे दिवे विझवले हे आपण जाणतो, त्यामुळे त्या पावत्यांबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न पावती न आलेल्यांबद्दल आहे. ज्यांनी वेग पाळला, मार्गिका सोडली नाही, त्यांच्या वाचलेल्या नंबराचे पुढे काय होते?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण त्यातच सरकारच्या यंत्रणांना सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने कायद्यातून सूट देण्याची सोय केंद्र सरकारकडे ठेवली आहे. हक्क एका हाताने मिळाला आणि फडके दुसऱ्या हाताने खुंटीवर टांगले गेले.

नंबराच्या पाटीचे मोल मुंबईइतके कोणाला कळणार? २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या भयंकर रात्री कसाब आणि त्याचा साथीदार एक गाडी पळवून निघाले. त्या गाडीचा नंबर आणि रंग वायरलेसवरून पोलिसांना कळला. गिरगाव चौपाटीला नाकाबंदी होती. तिथे ती गाडी अडवली गेली आणि तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक हाताने धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. तिथे कुठलाही नंबर वाचणारा कॅमेरा घंटा वाजवत नव्हता. एक नंबर कळला होता, त्याचीच वाट बघत माणसे उभी होती. उद्या अशा रात्री यंत्राने तो नंबर दहा मिनिटे आधी सांगितला आणि एखाद्या ओंबळ्यांचा जीव वाचला, तर त्या यंत्राला मी हात जोडीन.

पण त्या नाक्यावर पोलिसांना एकच गाडी हवी होती. बाकीच्या गाड्या कोणाच्या, कुठे निघाल्या, हे वर्षभर लिहून ठेवावे असे त्यांच्या कामात कुठेच नव्हते.

तेव्हा कॅमेरे लागोत. चोर पकडले जावोत, पळणारे सापडोत. आपण फक्त, रस्ता वापरणारे म्हणून आणि कर भरणारे म्हणून, चार प्रश्न विचारत राहू. हा कॅमेरा कशासाठी, आणि ते लेखी कुठे आहे? न जुळलेला नंबर किती दिवस ठेवता? जुनी नोंद कोण, कोणाच्या परवानगीने उघडतो? आणि मुदत संपल्यावर ती खरोखर पुसली, हे बाहेरचे कोण तपासते? हे प्रश्न माहितीच्या अधिकाराच्या साध्या अर्जातही मावतात. दहा रुपयांचा तिकीट-खर्च आहे फक्त. उत्तर आले तर उत्तम, नाही आले तर तेही एक उत्तरच.